छोटा काटा आणि चौथे शील

आमच्या घरातल्या भिंतीवरचे घड्याळ मी एकदा तासभर मागे केले होते, आणि ते मी केले होते हे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कोणालाही सांगितले नाही. त्या संध्याकाळी मी एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. या एका गोष्टीचा आधार घेऊन मी कित्येक वर्षे निवांत झोपत आलो. मी बोललो ते सगळे खरे होते, आणि माझ्या बहिणीने सांगितले तेही, तिच्यापुरते, खरे होते. तरीसुद्धा त्या दोन खऱ्यांमधून एक खोटे उभे राहिले आणि एका भल्या माणसाच्या अंगावर जाऊन पडले. ते खोटे नेमके कुठे होते, हे शोधायला मला उभे आयुष्य लागले. माझ्या बहिणीला ते सापडले तेव्हा ती पहिलीत होती. हे प्रकरण मी तिच्याविषयीच्या आश्चर्याने लिहितो आहे. माझा अपराध त्यात ओघाने येईल.

आम्ही वर्तकनगरला राहत होतो. एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, आणि मागे एवढीशी गॅलरी, जिच्यात आईने डालड्याच्या डब्यांत तुळस, गवती चहा आणि ओवा लावला होता. वसाहतीतली दारे दिवसभर उघडी असत. कोणाच्या स्टोव्हला पंप मारला जातो आहे, कोणाच्या कुकरची शिट्टी झाली, कोणाकडे सुकट भाजली जाते आहे, हे घरात बसल्या जागी कळे. चेंदणीच्या कोळणी सकाळी टोपल्या घेऊन येत आणि जिन्याखालूनच ओरडत, "गुरुजीन बाई, बोंबिल हायेत, येताव का मी जाव?" बाबा पालिकेच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून आई सगळ्या वसाहतीची गुरुजीन बाई. जवळच्या कारखान्यांचे भोंगे आमचा दिवस कापून देत. सकाळचा भोंगा म्हणजे डबा, दुपारचा म्हणजे पाणी, संध्याकाळचा म्हणजे घरी परतणाऱ्या सायकलींच्या घंटा. रविवारी मात्र भोंगे गप्प असत आणि वेळ फक्त घड्याळात उरे. ही साधी गोष्ट पुढे माझ्या कामी आली, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडे वंदना होई. लाकडी फळीवर बुद्धमूर्ती, समोर मेणबत्ती, उदबत्ती, पितळेच्या वाटीत मोगऱ्याची किंवा मिळतील ती फुले. बाबा पांढरा सदरा घालून पुढे बसत, त्यांच्या मागे आई, मी आणि करुणा. बाबा पंचशीलातले एकेक शील म्हणत आणि आम्ही त्यांच्यामागून म्हणत असू. पण आमच्या घरात एक रीत होती, जी मी अन्य कुठल्याही घरात पाहिली नाही. चौथे शील, खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे, मुलांनी लगेच म्हणायचे नाही. त्या शीलापाशी आले की मुलाने गप्प बसायचे. खोटे म्हणजे काय, हे ज्या दिवशी तो स्वतःच्या शब्दांत बाबांना सांगेल, त्या दिवसापासून त्याने ते म्हणायला लागायचे.

आई या रीतीवर नेहमी करवादे. "बाकीच्या पोरांना पाचही पाठ आहेत. आपलीच पोरं तेवढी मुकी. आणि पहिलं तरी कुठं कळतंय हिला? हत्या म्हणजे काय ते?"

"मोरीत झुरळ मारलं की कळतं ते," बाबा म्हणत. "चोरी लाडवाच्या डब्याशी कळते. पण खोटं दिसत नाही गं. ज्यापासून लांब राहायचं ते कुठे आहे हेच ठाऊक नाही, आणि आपण म्हणायचं की मी लांब राहतो. मग ते म्हणणंच खोटं झालं की!"

मी नऊ वर्षांचा असताना बाबांसमोर उभा राहून म्हणालो होतो, "जे झालं नाही ते झालं असं सांगणं म्हणजे खोटं." बाबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. "अर्धं आहे," ते म्हणाले. "पण सध्या चालेल. उरलेलं अर्धं सापडलं की सांग." मला ते उरलेले अर्धे शोधण्याची कधी गरज वाटली नाही. उलट ही व्याख्या फार सोयीची निघाली. जे झाले नाही ते झाले असे म्हणायचे टाळले, की बाकी सगळे मोकळे. आईने विचारले, "अभ्यास केलास?" तर मी म्हणे, "पुस्तक कधीपासून उघडलंय." पुस्तक खरोखरच उघडे असे.

करुणा मात्र चौथ्या शीलापाशी मोठ्या आनंदाने गप्प बसे. ते आले की ती दोन्ही हात तोंडावर दाबून धरी आणि डोळ्यांनी हसत आमच्याकडे पाही, जणू तिच्यावर काही खास कामगिरी सोपवली आहे. तिला खोटे बोलता येत नसे, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होते. लपंडावात कोणी हाक मारली, "करुणा, कुठे आहेस गं?" तर पिंपामागून आवाज येई, "इथे!" मुले तिला खेळात घेईनाशी झाली होती. शेजारच्या काकूंनी नवी साडी नेसून विचारले, "कशी दिसते गं?" तर ही म्हणे, "साडी छान दिसते." आम्ही तिला खरेपणाची पुतळी समजत होतो. आज मला वाटते, आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होतो. ज्या खोलीला दारच नाही तिच्यातून बाहेर न पडणे हा काही संयम नव्हे. बाबांना हे कळत होते, म्हणून ते तिचे कौतुक करीत नसत. ते फक्त वाट पाहत होते.

वसाहतीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचे विहार होते. दुपारी तिथे मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि संध्याकाळी सातला सामुदायिक वंदना. विहाराची किल्ली यशवंतकाकांकडे असे. यशवंतकाका एका कारखान्यात पॅकिंगला होते. सडपातळ, पुढचे दात थोडे पुढे, आणि हसताना ते झाकण्यासाठी ओठावर हात. एकेकाळी ते फार पीत. पगाराच्या दिवशी त्यांना गटाराच्या कडेने उचलून आणलेले मी स्वतः पाहिले आहे. मग एका पौर्णिमेला त्यांनी सगळ्या वसाहतीसमोर उभे राहून पाचवे शील एकट्याने म्हटले आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. किल्ली त्यांच्याकडे द्यावी म्हणून विहाराच्या मंडळाच्या बैठकीत बाबा भांडले होते. "विश्वास टाकल्याशिवाय माणूस विश्वासाचा कसा होणार?" असे काहीतरी ते बोलले होते. यशवंतकाका ती किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधत आणि वंदनेला बसताना मांडीखाली घेऊन बसत.

वैशाखी पौर्णिमा तोंडावर आली होती. विहारात नवे पांढरे कापड लावले होते, मूर्तीमागे आणि खालच्या चौरंगावरही. त्या रविवारी आईबाबा कल्याणला मावशीकडे गेले. करुणा दुपारची झोपली होती. निघताना आई मला म्हणाली, "साडेपाचला घरी ये. उठली आणि कोणी नसलं तर घाबरेल ती. मी तिला विचारीन हं, तू कधी आलास ते." करुणाला नुकतेच घड्याळ वाचता येऊ लागले होते. बाबांनी पुठ्ठ्याच्या तबकडीवर काटे लावून तिला शिकवले होते. दिवसातून कितीतरी वेळा ती भिंतीपाशी जाऊन मान वर करून मोठ्याने वेळ सांगे, आणि बरोबर सांगे.

मी विहारात बसलो होतो तो अभ्यासाला नव्हे. मित्राकडून आणलेले रहस्यकथांचे एक पुस्तक होते आणि ते मला दुसऱ्या दिवशी परत करायचे होते. बाकीची मुले पाचलाच उठून गेली. पावणेसहाच्या सुमारास दिवे गेले आणि बाहेर ऊन असूनही बिनखिडकीच्या त्या विहारात अंधार झाला. वसाहतीत सगळीकडून "गेले, गेले!" झाले. कोनाड्यात मेणबत्त्यांचे खोके असे. त्यातली एक मी पेटवली, चौरंगाच्या कडेला मेणाचा थेंब पाडून उभी केली, आणि पुस्तकात डोके घातले. साडेपाच कधीच होऊन गेले आहेत हे मला ठाऊक होते. पण खुनी कोण, हे कळायला थोडीच पाने राहिली होती. काही वेळाने दिवे आले आणि खिडक्याखिडक्यांतून "आले रे!" अशी आरोळी उठली. ट्यूबलाइटच्या उजेडात मेणबत्तीची ज्योत दिसेनाशी होते. कोणालाही विचारा. मी शेवटचे पान वाचले, पुस्तक शर्टात खुपसले आणि धावत सुटलो.

घरी करुणा अजून झोपलेलीच होती. घड्याळात साडेसहाला जेमतेम दोन मिनिटे कमी होती. मी स्टुलावर चढलो, घड्याळ उतरवले आणि मागची चकती फिरवली. एक पूर्ण फेरा, उलटा. मोठा काटा सबंध वर्तुळ फिरून आपल्या जागी परत आला आणि छोटा एक घर मागे सरकला. घड्याळ टांगून मी तिला उठवले. "करू, ऊठ. बघ बरं किती वाजले."

ती डोळे चोळत भिंतीपाशी गेली. "मोठा सहावर," ती म्हणाली. "छोटा पाच आणि सहाच्या मधे. साडेपाच!"

"शाब्बास. जा, तोंड धुऊन ये."

ती मोरीत गेली तेवढ्यात मी पुन्हा स्टुलावर चढून घड्याळ बरोबर केले, कारण बाबा घरात आल्या आल्या मनगटावरचे घड्याळ भिंतीवरच्याशी ताडून पाहत. आमचे घड्याळ जगात फक्त एवढाच वेळ चुकीचे होते, एक लहान मुलगी तोंड धुईपर्यंत.

वंदनेच्या थोडे आधी विहाराकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावलो तोपर्यंत लोकांनी बादल्या ओतून आग विझवली होती. पांढरे कापड जळून गेले होते, पुस्तकांचा एक कप्पा कोळसा झाला होता, आणि मूर्तीचा डावा गाल, खांदा, कानाची पाळी काळी पडून प्लॅस्टरला तडा गेला होता. जळक्या कापसाचा आणि ओल्या राखेचा वास मला अजून येतो. दिवाळीत कुठे वात विझली तरी येतो. तडा गेलेला तो चेहरा तसाच मिटल्या डोळ्यांनी बसला होता. मला वाटले, आता हे डोळे उघडतील. मी बाहेर आलो. आईबाबा नेमके तेव्हाच कल्याणहून परतले होते आणि गर्दीत उभे होते.

मंडळाचे अध्यक्ष भालेरावकाका आवाजाने मोठे. ते यशवंतकाकांपुढे उभे राहून म्हणाले, "यशवंता, खरं सांग. परत सुरू केलीस ना?"

"नाही दादा. दुपारी दार उघडून दिलं, ते आता येतोय. घरीच पडलेलो."

"मग मेणबत्ती काय आपोआप पेटली?"

यशवंतकाका एक पाऊल पुढे आले, ओठावरचा हात काढला आणि तोंड उघडून सगळ्यांसमोर धरले. "वास घ्या," ते म्हणाले. "घ्या, दादा." आणि एकजण खरोखरच वाकला. वास नाही असे तो म्हणाला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "वेलची खाल्ली असंल."

मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, गुरुजींचा अवि बसलेला ना आत? मी बघितलेला."

सगळे माझ्याकडे वळले. बाबाही. मी म्हणालो, "बसलेलो." माझा आवाज स्थिर होता, हे आठवून आजही मला स्वतःची भीती वाटते. "मी घरी गेलो आणि करुणाला उठवलं. तेव्हा तिने घड्याळ बघितलेलं. तिलाच विचारा."

प्रत्येक शब्द खरा होता.

करुणा आईच्या पदरापासून पुढे आली. एवढी माणसे तिला घड्याळाबद्दल विचारत आहेत, याचा तिला अभिमान वाटत होता. "साडेपाच वाजलेले," ती म्हणाली. "मोठा काटा सहावर होता."

"लाइट गेली पावणेसहाला," भालेरावकाका बोटे नाचवत म्हणाले. "पोरगा साडेपाचला घरी. उजेडात कोण मेणबत्ती लावतंय? आणि ही पोर खोटं बोलणार नाही. तिच्या बापाने तिला चौथं शील अजून दिलेलंच नाही, तशी गरजच नाही म्हणून!" दोनचार माणसे हसली.

यशवंतकाकांनी सदरा वर करून करगोट्याची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली आणि किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. बाबांच्याच हातावर. "गुरुजी, मी लावली नव्हती हो," एवढेच ते म्हणाले. बाबा म्हणाले, "हं." ते त्या रात्री जेवले नाहीत. मावशीने दिलेल्या पुरणपोळ्या फडक्यात तशाच राहिल्या.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मूर्तीला कोणीतरी रंग दिला, नवे कापड आले. यशवंतकाका रोज संध्याकाळी येत आणि विहाराच्या बाहेर दगडावर बसून पाचही शीले म्हणत. आत येत नसत. त्यांना कोणी ये म्हटले नाही, येऊ नकोस असेही नाही. घरी मी चौथे शील नेहमीच्याच आवाजात म्हणत होतो. माझ्या व्याख्येप्रमाणे माझे काही बिघडले नव्हते.

करुणा मात्र कसल्यातरी विचारात दिसे. एकदा जेवताना तिने विचारले, "बाबा, तोंड धुवायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. का गं?"

"एक तास नाही लागत?"

"तू तर पाण्याला हातही लावत नाहीस," आई म्हणाली. बाबा हसले नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला आणि नंतर पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत सायकलची ट्यूब बादलीत बुडवून भोक शोधत होतो. ती शेजारी येऊन बसली. "दादा, छोटा काटा पळू शकतो का?"

"नाही."

"मी तोंड धुऊन आले ना, तर मोठा काटा तिथेच होता. सहावर. पण छोटा सहाच्या पुढे गेलेला." ती बादलीत पाहत होती. "मोठा न हलता छोटा एकटा कसा जाईल? कोणीतरी नेला असणार."

मी ट्यूब आणखी खोल दाबली. ट्यूबमधून बुडबुडे येत होते.

"तू नेलास?"

मी मान हलवली. हो म्हणून. शब्द तेव्हाही वापरला नाही.

मला वाटले ती रडेल, किंवा धावत जाऊन आईला सांगेल. ती तिथेच बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी वस्तू हरवल्यावर आपण कुठे कुठे शोधतो, तसे ती मनात शोधत होती. "पण मला दिसलं तेच मी सांगितलं," ती म्हणाली.

"हो. तू खरंच बोललीस."

"आणि तू पण खोटं नाही बोललास. मला विचारा म्हणालास. मी बघितलेलंच."

"हो."

"मग खोटं कोण बोललं?"

मी आजवर पुष्कळ वाचले आहे, पुष्कळ शहाण्या माणसांची व्याख्याने ऐकली आहेत. या प्रश्नापेक्षा खोल प्रश्न माझ्यासमोर कोणी ठेवलेला नाही. कोणीच खोटे बोलले नव्हते आणि यशवंतकाका दगडावर बसले होते. मी तिला फक्त एवढेच म्हणालो, "आईबाबांना सांगू नको हं, करू."

"म्हणजे खोटं बोलू?"

"नाही गं. फक्त बोलू नको."

तिने यावर बराच विचार केला आणि उठून गेली. गॅलरीच्या दारातून मला दिसत होते, ती भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी होती, पण तोंडाने काही म्हणत नव्हती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरून गेले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मोठ्या पातेल्यातल्या खिरीवर वेलचीचा वास, बायकांच्या केसांत मोगरा, रंग दिलेल्या गालाची मूर्ती आणि दारातून दिसणारा, दगडावर बसलेला, पांढऱ्या टोपीचा माणूस. वंदना सुरू होण्याआधी करुणा आईच्या मांडीवरून उठली आणि सगळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. तिने आईने शिवलेला पांढरा फ्रॉक घातला होता आणि तो दोन्ही मुठींत धरला होता.

"मला घड्याळ येत नाही," ती म्हणाली.

"काय गं?" भालेरावकाकांनी विचारले.

"मला घड्याळ येत नाही. त्या दिवशी मी असंच सांगितलं."

कुजबूज झाली. भालेरावकाकांनी हात पुढे करून मनगटावरचे घड्याळ तिच्या नाकासमोर धरले. "बघू. सांग आता किती वाजले."

ती त्या घड्याळाकडे पाहत राहिली. सात वाजले होते. सातला सुरू व्हायचे म्हणून सगळे वाटच पाहत होते. मोठा काटा बारावर, छोटा सातवर, इतकी सोपी वेळ दिवसभरात दुसरी नसते. तिचे डोळे एका काट्यावरून दुसऱ्यावर गेले. तिला दिसले आहे हे मला दिसले. तिने एक श्वास घेतला, तो तिच्या फ्रॉकच्या छातीवर मला दिसला, आणि ती म्हणाली, "बारा."

विहार हसण्याने भरून गेले. "बारा वाजवले पोरीने!" "गुरुजींची पोरगी आणि घड्याळ येईना!" तिचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही. मी त्या हसणाऱ्या माणसांमध्ये बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. जिला लपंडावात लपता येत नव्हते, ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहून लपली होती, आणि आपल्यामागे मला लपवले होते. तिच्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती. तीच तिने मोडून सगळ्यांसमोर ठेवली.

हसणे ओसरल्यावर भालेरावकाकांचा चेहरा उतरला. ते खाकरले. "म्हणजे... पोरीच्या सांगण्यावर काय धरून चालायचं." माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मी गुरुजींचा मुलगा होतो. बाबा उठले, बाहेर गेले, आणि यशवंतकाकांना दंडाला धरून आत घेऊन आले. किल्ली खिशातून काढून बाबांनी काकांच्या हातात दिली. त्यांची माफी मात्र कोणी मागितली नाही. यशवंतकाकांनी किल्ली मांडीखाली घेतली आणि बसले.

मग वंदना सुरू झाली. चौथे शील आले. माझ्या शेजारून एक आवाज उठला, बारीक, पण स्वच्छ. करुणाने तोंडावर हात धरले नव्हते. ती ते शील पहिल्यांदा म्हणत होती. आणि मी म्हणत नव्हतो. मी ठरवून गप्प बसलो नव्हतो. तोंड उघडले आणि आवाज आलाच नाही.

घरी आल्यावर बाबांनी तिला समोर बसवले. "मला न विचारता म्हणालीस?"

"मला कळलं बाबा, खोटं म्हणजे काय."

"सांग."

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "मला सात दिसत होते. मी बारा म्हणाले. मग सगळ्यांकडे बारा गेले, आणि सात माझ्या एकटीकडे राहिले. ते एकटीकडे राहतं ना, ते खोटं." थोडे थांबून ती म्हणाली, "तोंडाने नाही बोललं तरी राहतं."

"आणि आत्ताच खोटं बोलून आत्ताच शील घेतलंस?"

"आत्ताच तर कळलं ना!"

बाबा तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, त्या नजरेने ते फक्त मूर्तीकडे पाहत. त्यांनीच तिला घड्याळ शिकवले होते. सगळे त्यांना कळले होते, यात मला शंका नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अवि, तुझं उरलेलं अर्धं सापडलं का रे?"

मी खाली पाहिले. त्यांनी पुन्हा कधीही विचारले नाही. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले. कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघेच गॅलरीत बसत असू, आणि बोलता बोलता ते मधेच थांबत, जणू माझ्यासाठी जागा सोडत. ती जागा मी रिकामीच ठेवली. त्यांनी सक्तीने ते माझ्याकडून का वदवून घेतले नाही, यशवंतकाकांचे अर्धे देणे, ती माफी, असेच का राहू दिले, याचा मी खूप विचार केला आहे. कदाचित ते चुकले असतील. कदाचित दुसऱ्याने वदवलेले खरे त्यांना खरे वाटत नसेल. मी एवढेच जाणतो की चौथ्या शीलापाशी मी त्या दिवसापासून ओठ हलवत आलो आहे, आवाज न काढता.

आणि करुणाला वसाहतीने एक चेष्टा कायमची देऊन टाकली. पुढे ती गणितात पहिली येऊ लागली, इंजिनिअर झाली, लग्न करून डोंबिवलीला गेली, तरी माहेरी आली की जिन्यावरून कोणीतरी विचारणारच, "काय करुणा, किती वाजले?" आणि ती हसून म्हणे, "नाही येत हो मला."

यंदा बाबांच्या स्मृतिदिनाला आम्ही त्याच विहारात जमलो. आता तिथे फरशी आहे, पंखे आहेत, मूर्ती संगमरवरी आहे. यशवंतकाका टिटवाळ्याहून नातवाबरोबर आले होते. आता ऐंशीच्या पुढचे, कानातले यंत्र सारखे शिटी वाजवणारे, दात गेलेले, तरी हसताना हात ओठावरच. वंदनेआधी चहा चालला होता. भालेरावांच्या मुलाने आपला फोन करुणासमोर धरला. "ताई, बघ बरं किती वाजले?" सगळे हसले. करुणाची मुलगी म्हणाली, "आई, खरंच तुला घड्याळ यायचं नाही?"

"नाही गं," करुणा हसत म्हणाली. "अजूनही नाही येत."

हे मी कितीतरी वेळा ऐकले होते. पण त्या दिवशी ते मला तिच्या मुलीसमोर ऐकू आले. करुणा सहा वर्षांची असताना एकदाच खोटे बोलली होती, असे मी समजत होतो. ती ते दरवेळी बोलत होती, माझ्यासाठी, पुन्हा पुन्हा, आणि ते सात अजून तिच्या एकटीकडेच होते.

मी उठून उभा राहिलो. चहाचा कप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरला. यशवंतकाकांपुढे जाऊन मी म्हणालो, "काका, ती मेणबत्ती..." आणि माझा आवाज नेहमीप्रमाणे आत गेला.

काकांनी कानामागे हात धरला. "काय? काय म्हणतोय अवि? मोठ्याने बोल बाबा, मला ऐकू येत नाही."

करुणा माझ्याकडे पाहत होती आणि तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. मी कप जमिनीवर ठेवला.

"काका," मी मोठ्याने म्हणालो, इतक्या मोठ्याने की बाहेर पायऱ्यांवरची माणसेही वळली, "मेणबत्ती मी लावली होती. जळती ठेवून मीच पळालो होतो. घड्याळ मी मागे केलं होतं. तुम्ही तोंड उघडून वास घ्या म्हणालात तेव्हा मी समोर उभा होतो आणि गप्प बसलो. मला माफ करा. आणि करू, तुझीही मी माफी मागतो, सगळ्यांच्या समोर. तुला तेव्हाही घड्याळ येत होतं."